लिनक्स येणाऱ्याने फ्रीबीएसडी शिकताना: एका देवस्थान कार्यालयातील वापरावरून परीक्षण

फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली नवख्याला जितकी जड जाते, त्याहून अधिक ती लिनक्स उत्तम येणाऱ्याला जड जाते. नवखा माणूस हँडबुक, म्हणजे प्रकल्पाची अधिकृत मार्गदर्शिका, उघडतो, पहिल्या प्रकरणापासून वाचत जातो आणि सांगितले आहे तसे करतो. वर्षानुवर्षे लिनक्स सांभाळलेला माणूस मात्र हँडबुक बाजूला ठेवतो, कारण टर्मिनल तेच, कमांड त्याच आणि फाइलींची मांडणीही बरीचशी तीच असल्यामुळे आपल्याला हे येतेच, अशी त्याची समजूत होते. हे परीक्षण अशा दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी आहे.

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या कार्यालयाची संगणकव्यवस्था माझ्याकडे आहे. अभिषेक आणि इतर सेवांच्या पावत्या, अग्रशाळेतील (भाविकांच्या निवासातील) खोल्यांचे आरक्षण, जमाखर्च, आणि महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, जुन्या नोंदवह्यांची स्कॅन करून ठेवलेली पाने, असा सगळा ऐवज एकाच सर्व्हरवर असतो. या नोंदवह्यांत मराठीही आहे आणि पोर्तुगीजही. कागद जीर्ण झाल्यामुळे स्कॅन केलेली प्रत हीच यापुढे कामाची प्रत ठरणार आहे. इतकी वर्षे हा सर्व्हर डेबियन या लिनक्सच्या वितरणावर चालत असे आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. यंत्र बदलायची वेळ आली तेव्हा साठवणुकीचा विचार नव्याने करावा लागला आणि त्या निमित्ताने फ्रीबीएसडीच्या १४ व्या मालिकेची निवड केली.

लिनक्स म्हणजे काटेकोरपणे पाहता केवळ कर्नल, प्रणालीचा गाभा. त्याभोवती ग्नूची साधने, सेवा सुरू करणारी यंत्रणा आणि बाकीचा पसारा जमवण्याचे काम डेबियन किंवा फेडोरासारखी वितरणे करतात. फ्रीबीएसडीचे कर्नल, सी लायब्ररी, शेल, रोजच्या कमांड, फायरवॉल आणि या सर्वांची मॅन पाने (माहितीपाने) एकाच स्रोतवृक्षात, एकाच प्रकल्पाच्या देखरेखीखाली लिहिली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्समधून हा वारसा आलेला आहे. १९९३ मध्ये फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती निघाली, आणि युनिक्सच्या हक्कांवरून झालेल्या खटल्याच्या तडजोडीनंतर ४.४ बीएसडी-लाइट या निर्वेध पायावर नोव्हेंबर १९९४ मध्ये २.० आवृत्ती आली. नेटफ्लिक्सच्या चित्रफिती घरोघरी पोहोचवणारे सर्व्हर याच प्रणालीवर चालतात आणि प्लेस्टेशन ४ ची प्रणालीही हिच्यावरूनच बेतलेली आहे, तेव्हा ती कोपऱ्यात पडलेली हौशी वस्तू नव्हे.

इन्स्टॉलेशनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. साधा, अक्षरांच्या चौकटींचा इन्स्टॉलर आहे. डिस्कची मांडणी विचारताना तो झेडएफएस या फाइलप्रणालीचा पर्याय देतो, दोन डिस्क असतील तर त्यांचा मिरर (दोन्हींवर तोच मजकूर) करून देतो आणि चहा निवायच्या आत काम संपवतो. शेवटी हाती येते ती चित्रमय पडदा नसलेली, जवळपास रिकामी प्रणाली. उबंटूची सवय असलेल्याला हे उघडेबोडके वाटेल. सर्व्हरसाठी ते योग्यच आहे.

खरी कसोटी लागते ती नावाने सारख्या आणि वागण्याने वेगळ्या असलेल्या कमांडांपाशी. अजिबात नसलेली कमांड त्रास देत नाही. मेमरी दाखवणारी ‘फ्री’ येथे नाही, ‘आयपी’ नाही, ‘एलएसब्लॉक’ नाही. त्यांच्या जागी ‘टॉप’चे वरचे रकाने, ‘आयएफकॉन्फिग’, ‘जीपार्ट शो’ हे एकदा शोधले की संपले. ‘एसएस’ऐवजी ‘सॉकस्टॅट’, ‘एसट्रेस’ऐवजी ‘ट्रस’, ‘एलएसपीसीआय’ऐवजी ‘पीसीआयकॉन्फ’ ही नावेही थोड्या वापराने अंगवळणी पडतात. पण ‘सेड’ येथेही आहे आणि तेथेही आहे, आणि घोळ नेमका तेथे होतो.

फाइलमध्ये जागच्या जागी बदल करण्यासाठी ‘सेड’चा ‘-आय’ पर्याय लिनक्सवरच्या बहुतेक स्क्रिप्टांत असतो. ग्नूच्या ‘सेड’मध्ये या पर्यायाला जोडायचा बॅकअपचा प्रत्यय ऐच्छिक आहे. फ्रीबीएसडीच्या ‘सेड’ला मात्र तो हवाच असतो, भले तो रिकाम्या अवतरणचिन्हांइतका का असेना. त्यामुळे लिनक्सवरून जशीच्या तशी आणलेली ओळ चालवली की अदलाबदलीची सूचना हा बॅकअपचा प्रत्यय समजला जातो आणि फाइलचे नाव ही ‘सेड’साठीची सूचना समजली जाते. ती फाइल ‘/ईटीसी/आरसी.कॉन्फ’ असेल तर पुढचा प्रकार पाहण्यासारखा आहे: दोन तिरक्या रेघांमधला ‘ईटीसी’ हा शोधायचा मजकूर ठरतो, त्यापुढचा ‘आर’ ही दुसरी फाइल वाचून घालण्याची आज्ञा ठरते, आणि उरलेले ‘सी.कॉन्फ’ हे त्या दुसऱ्या फाइलचे नाव ठरते. म्हणजे सूचना व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते, काम करायला फाइलच उरत नाही, आणि ‘-आय’ हा पर्याय प्रमाण निविष्टीवर (स्टँडर्ड इनपुटवर) वापरता येत नाही अशी तक्रार पडद्यावर येते. फाइलचे नाव वेगळ्या अक्षराने सुरू होत असेल तर तक्रार वेगळी. संदेश वाचून मूळ कारणापर्यंत पोहोचणे त्यामुळे कठीण होते. ‘-आय’ला लगटून, मध्ये जागा न सोडता, ‘.बॅक’ असा प्रत्यय दिला तर तीच ओळ दोन्हीकडे सारखी चालते. जुन्या स्क्रिप्टा आणण्यापूर्वी एवढा एक बदल सर्वत्र करून घ्यावा.

या जातीचे आणखी काही फरक आहेत. ‘एलएस’ला फाइलच्या नावानंतर पर्याय दिलेले चालत नाहीत, ते आधीच द्यावे लागतात. ‘मेक’ ही बीएसडीची स्वतःची आहे, ग्नूची हवी असल्यास ‘जीमेक’ बसवावी लागते. ‘बॅश’ मुळात नसतेच, आणि पॅकेजमधून बसवली तरी ती ‘/बिन’मध्ये न जाता ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये जाते, म्हणून पहिल्या ओळीत ‘/बिन/बॅश’ लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट अडते. ग्नूची सगळी साधने नावाआधी ‘जी’ लावून पॅकेजरूपाने मिळतात आणि ती बसवून जुन्या सवयी जशाच्या तशा चालू ठेवण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा. ज्याला फ्रीबीएसडीवर फक्त लिनक्सच वापरायचे आहे, त्याने लिनक्सवर राहणे अधिक सुखाचे. उलट बाजूही सांगितली पाहिजे: येथली ‘टार’ झिप फाइलसुद्धा मुकाट्याने उघडते, आणि ‘पीएस’ला वजाचिन्हाशिवाय ‘एयूएक्स’ देण्याची लिनक्सवाल्यांची सवय मुळात बीएसडीकडूनच आलेली आहे.

ही अडखळ ओसरली की प्रणालीचा खरा गुण दिसू लागतो, आणि तो म्हणजे मूळ प्रणाली आणि आपण वरून बसवलेल्या वस्तू यांच्यामधली स्वच्छ सीमारेषा. पॅकेजमधून आलेले सर्व काही ‘/यूएसआर/लोकल’च्या खाली राहते, त्यांच्या सेटिंगच्या फाइलीसुद्धा. विंडोजला फाइली पुरवणाऱ्या सांबाची सेटिंग ‘/ईटीसी’मध्ये शोधण्याची सवय मोडावी लागते, पण नंतर एखाद्या अनोळखी सर्व्हरवर काय मूळचे आणि काय कोणीतरी वरून आणलेले, हे एका नजरेत कळते. कोणत्या सेवा सुरू करायच्या, यंत्राचे नाव काय, नेटवर्कचा पत्ता काय, हे सर्व ‘आरसी.कॉन्फ’ या एका साध्या फाइलमध्ये असते आणि त्यातील प्रत्येक शक्य सेटिंगचे मूळ मूल्य ‘/ईटीसी/डिफॉल्ट्स’मध्ये वाचायला ठेवलेले असते. आमच्या सर्व्हरची ती फाइल छापली तर एक पानही भरत नाही. नोंदीही साध्या मजकुरात असतात. ‘ग्रेप’ येणाऱ्याला त्या वाचायला वेगळे साधन लागत नाही. लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची एक सोय मात्र येथे नसल्याचे जाणवते: सेवा कोसळली तर आपोआप पुन्हा उठवण्याची व्यवस्था येथे जन्मजात नाही, ती ‘डीमन’ या कमांडच्या साहाय्याने आपण लावून घ्यायची असते.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या झेडएफएसकडे येतो. गोव्यात जून उजाडला की वाऱ्याने माडाची झावळी तारांवर पडणे आणि वीज जाणे हे नेमाचेच असते. यूपीएस आहे आणि नट हे पॅकेज त्याच्याशी यूएसबीवरून बोलून बॅटरी संपण्यापूर्वी सर्व्हर रीतसर बंद करते. पण बॅटऱ्या दमट हवेत कधी दगा देतील याचा नेम नसतो. झेडएफएस जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधीच लिहीत नाही. नवी नोंद वेगळ्या जागी पूर्ण झाल्यावरच ती जुनीची जागा घेते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर शेवटच्या काही क्षणांचे काम जाईल, पण फाइलप्रणाली अर्धवट अवस्थेत राहत नाही. शिवाय प्रत्येक खंडाची चेकसम (मजकूर पडताळण्याचा आकडा) वेगळी जपलेली असते, आणि वाचताना ती जुळली नाही तर मिररच्या दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त केली जाते. नोंदवहीचे एखादे पान वर्षभर कोणी उघडले नाही तरी ते शाबूत आहे याची खात्री करण्यासाठी सगळी साठवण वाचून पाहणारा ‘स्क्रब’ चालवावा लागतो, ‘पिरिऑडिक.कॉन्फ’मध्ये एक ओळ लिहिली की मागच्या स्क्रबला ३५ दिवस झाल्यावर तो आपोआप सुरू होतो.

हे लिनक्सवरही करता आले असते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. २०२० मधील ओपनझेडएफएस २.० पासून दोन्ही प्रणालींसाठीचा कोड एकच आहे. परंतु परवान्यांच्या विसंगतीमुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याला थारा नाही. ते वेगळे मोड्यूल म्हणून येते आणि कर्नल पुढे गेले की मोड्यूल त्याच्या मागे धावत राहते. फ्रीबीएसडीमध्ये ते मूळ प्रणालीचाच भाग असल्यामुळे इन्स्टॉलरपासून बूटलोडरपर्यंत सर्वांना त्याची ओळख असते. याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ने नवी दुरुस्ती बसवण्यापूर्वी चालू प्रणालीची एक प्रत आपोआप बाजूला ठेवली जाते, अपडेटनंतर काही बिनसले तर सुरू होतानाच्या मेन्यूतून आदली प्रत निवडायची आणि कार्यालय उघडायच्या आत सर्व्हर पूर्ववत. पावत्यांच्या खिडकीपुढे रांग लागलेली असताना ‘दुपारपर्यंत होईल’ असे सांगण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

कार्यालयातील मंडळींना सर्व्हर बदलल्याचे कळले ते मात्र वेगळ्याच कारणाने. झेडएफएसचे ताशी स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, सांबाच्या एका मोड्यूलमधून विंडोजला दाखवता येतात, आणि मग फाइलवर उजवी टिचकी मारून ‘प्रीव्हिअस व्हर्जन्स’मध्ये गेले की कालची, परवाची प्रत समोर येते. हिशेबाच्या वहीतला चुकून पुसलेला रकाना आमचे हिशेबनीस आता स्वतःच परत आणतात. हेच स्नॅपशॉट ‘झेडएफएस सेंड’ने रोज रात्री मडगावच्या एका यंत्रावर पाठवले जातात, केवळ बदललेला भाग जात असल्यामुळे साध्या इंटरनेट जोडणीवरही ते भागते. याची एक किंमत आहे. झेडएफएस मेमरीचा मोठा हिस्सा कॅशसाठी घेते, ‘टॉप’मध्ये तो ‘एआरसी’ या नावाने दिसतो, आणि त्याच यंत्रावर डेटाबेस चालवायचा असेल तर त्या कॅशला कमाल मर्यादा घालून ठेवणे बरे.

अग्रशाळेच्या आरक्षणाचा वेब-कार्यक्रम आणि त्याचा डेटाबेस जेलमध्ये ठेवले आहेत. जेल ही सोय फ्रीबीएसडीत २००० सालच्या ४.० आवृत्तीपासून आहे, म्हणजे कार्यक्रम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरच्या कितीतरी आधीपासून, आणि तिचे स्वरूपही वेगळे आहे: जेल म्हणजे एका छोट्या स्वतंत्र फ्रीबीएसडीसारखी कोठडी, तिला तिचा स्वतःचा रूट वापरकर्ता, पण तिच्या भिंतीबाहेर त्याला काही अधिकार नाही. डॉकरची तयार प्रतिमा ओढून आणून चालवायची सवय असलेल्याने येथे निराशेची तयारी ठेवावी. डॉकर येथे थेट चालत नाही. कोठडी आपली आपण मांडावी लागते, आणि पोस्टग्रेस ठेवायचे असेल तर जेलच्या सेटिंगमध्ये सामायिक मेमरीची परवानगी आठवणीने द्यावी लागते, नाहीतर डेटाबेस उठतच नाही.

फायरवॉलसाठी तीन पर्याय आहेत. मी ओपनबीएसडीकडून आलेले पीएफ निवडले. त्याचे नियम वाचायला इंग्रजी वाक्यांसारखे सोपे आहेत, पण लिनक्सची आयपीटेबल्स ही फायरवॉल येणाऱ्याने एक गोष्ट डोक्यात पक्की करावी: तेथे पहिला जुळणारा निर्णायक नियम लागू होतो, तर येथे शेवटचा जुळणारा. नियमात ‘क्विक’ हा शब्द असेल तरच तेथल्या तेथे निकाल लागतो. सगळे अडवण्याचा नियम लिनक्सच्या सवयीने तळाशी लिहिला तर वरच्या सगळ्या परवानग्या निकामी होतात आणि दूरवरून काम करणारा माणूस बाहेर राहतो.

रोज पहाटे ३ वाजून १ मिनिटाने प्रणाली स्वतःची तपासणी करून रूटच्या नावे पत्र टाकते: डिस्क किती भरली, कोणत्या पॅकेजमध्ये सुरक्षेचे ज्ञात दोष आहेत, कोणी चुकीच्या पासवर्डने शिरण्याचा प्रयत्न केला, कोणत्या विशेषाधिकाराच्या फाइली बदलल्या. हे पत्र माझ्या नेहमीच्या मेलवर वळवून घेतले आहे आणि चहाबरोबर ते वाचणे ही सवय झाली आहे. त्या वेळी वीज नसेल तर मात्र त्या दिवसाचे पत्र येत नाही, कारण मूळ प्रणालीतील क्रॉन चुकलेले काम नंतर उरकत नाही. त्यासाठी अॅनाक्रॉन वेगळे बसवता येते.

देवनागरीविषयी गोव्यातील वाचक विचारतीलच, कारण आपल्याकडे मराठी आणि कोकणी दोन्हींच्या फाइली असतात. फाइलींची नावे देवनागरीत ठेवण्यास अडचण नाही. सर्व्हरला जोडलेल्या पडद्यावर, म्हणजे ग्राफिक्स नसलेल्या कन्सोलवर, जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसत नाहीत. एसएसएचने दुसऱ्या यंत्रावरून पाहिले तर अक्षरे जुळवणे त्या यंत्राच्या टर्मिनलवर अवलंबून राहते. ग्राफिकल पडद्यावर फॉन्ट बसवल्यानंतर मराठी ठीक दिसते आणि इनस्क्रिप्टचा कीबोर्ड लिनक्सवर असतो तोच आहे.

लॅपटॉपवर फ्रीबीएसडी घ्यावी का, याचे उत्तर मी नाही असे देईन. वाय-फायच्या नव्या प्रमाणांना आधार उशिरा येतो, ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सकडून आणलेले असतात आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपून नीट जागे होईल की नाही हे मॉडेलवर ठरते. विकत घेण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येत असेल तरच त्या वाटेला जावे. जुने ३२-बिट संगणक कामी लावण्याचा विचार असल्यास डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या १५.० आवृत्तीने त्या यंत्रांचा आधार थांबवला आहे, हेही ध्यानात ठेवावे. याच आवृत्तीपासून मूळ प्रणालीसुद्धा पॅकेजांच्या रूपाने बसवण्याचा पर्याय आला आहे आणि तो घेतल्यास ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ वापरता येत नाही. त्यामुळे इंटरनेटवरील जुनी मार्गदर्शने वाचताना ती कोणत्या आवृत्तीची आहेत हे आधी पाहावे.

देवस्थान समितीने विचारलेला सर्वांत अवघड प्रश्न तांत्रिक नव्हता: मी नसलो तर हे कोण पाहील? डेबियन येणारा मुलगा फोंड्यात किंवा पणजीत सहज मिळेल, फ्रीबीएसडी येणारा शोधावा लागेल. माझे उत्तर असे की लिनक्स नीट येणाऱ्याला हँडबुक आणि आमची पानभर ‘आरसी.कॉन्फ’ हाती दिली तर तो सर्व्हर चालू ठेवू शकेल, कारण येथली मॅन पाने प्रणालीबरोबरच लिहिली जातात आणि त्यांत दिलेले उदाहरण तसेच्या तसे चालते. तरीही ज्या कार्यालयात असा एकही माणूस नाही आणि जेथे साठवणुकीची एवढी निकड नाही, तेथे केवळ नवलाईपोटी ही प्रणाली आणू नये.

आमच्याकडेही सगळे काही बदललेले नाही. पावत्यांच्या खिडकीवरचा संगणक लिनक्सवरच आहे, कारण त्याला जोडलेल्या पावती-प्रिंटरचा ड्रायव्हर उत्पादकाने विंडोज आणि लिनक्स यांच्यासाठीच दिला आहे. फ्रीबीएसडीतील लिनक्स-सुसंगतीच्या थरातून तो चालवून पाहता येईल. पण सणासुदीच्या गर्दीत ज्या यंत्रावर रांग पुढे सरकते, त्यावर तसला प्रयोग करण्याचे मला काही कारण दिसत नाही.